बर्फावरच्या जुन्या चेनगाडीला गिअर ऑइल कुठलं घालावं?

शिवडीचा_फिटर

नमस्कार मंडळी. प्रश्न विचित्र आहे, हसायचं तेवढं हसून घ्या पण उत्तरही द्या. शिवडीला आमचं छोटं गॅरेज आहे, जुन्या फियाट, जीप, कधीमधी एखादी मॉरिस अशी कामं येतात. आमचे एक शेठ आहेत, जुन्या गाड्यांचा नाद आणि पैशाला तोटा नाही, त्यांनी आता बर्फावर चालणारी चेनची गाडी आणून ठेवलीये. कुठून आणली ते विचारू नका, मी विचारलं तर नुसते हसले. खाली पोकलेनसारख्या दोन चेन, पण पोकलेनपेक्षा खूप रुंद, रबरी पट्टे आणि त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या. वर पत्र्याची केबिन. अमेरिकन आहे, साठ-सत्तरच्या दशकातली असावी, कंपनीची प्लेट कोणीतरी कधीच काढून नेलीये. इंजिन फोर्डचं सहा सिलिंडर, ते झालं चालू. गिअरबॉक्स ट्रकसारखा, चार गिअर, पहिला एकदम लो. तिथून शाफ्ट डिफरन्शिअलला (दोन्ही बाजूंना ताकद वाटणारी गिअरपेटी) जातो. स्टिअरिंग व्हील नाही, दोन लिव्हर आहेत, डावा ओढला की गाडी डावीकडे वळते.

शेठना ती जानेवारीत गुलमर्गला न्यायचीये. तोपर्यंत ट्रायल मात्र इथेच, गोदामाच्या आवारात, ३५ डिग्रीत घाम पुसत. गिअरबॉक्समधून जे निघालं ते काकवीसारखं होतं, डब्यात पडायलाच तयार नाही. आता नवीन काय भरू? मी आपलं साधं ९० नंबर भरणार होतो. आमचा पोरगा म्हणतो बर्फाचा विषय आहे, फुल सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० टाका. ऑइलवाला म्हणतो जुनी गाडी आहे, १४० टाका, आवाज बंद होईल. तिघांची तीन तोंडं.

गोळेवाला

शिवडीत बर्फाची गाडी!! काका आमच्याकडे बर्फ म्हणजे एकतर ससून डॉकची लादी नाहीतर चौपाटीचा कालाखट्टा. ट्रायल घ्यायचीच असेल तर पहाटे डॉकला घेऊन या, कोळणी जागा देतील असं वाटत नाही पण बघायला मजा येईल.

फियाटप्रेमी_गिरगाव

१४० वाल्याचं अजिबात ऐकू नका. आवाज बंद करायला जाड तेल भरणं ही जुनी गाडी विकणाऱ्यांची ट्रिक आहे. त्याच्याही पुढचे लोक डिफरन्शिअलमध्ये लाकडाचा भुसा टाकायचे. गाडी गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत गुपचूप जायची आणि मग महिनाभरात क्राऊन पिनियनची (डिफरन्शिअलमधली मुख्य गिअरजोडी) रडारड. आमच्या पद्मिनीत आधीच्या मालकाने काय काय कालवलं होतं देव जाणे.

पेडर_रोडचा_पप्पू

पद्मिनी म्हटल्यावर आठवलं, पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत संपली तशी तीही गेली. कॉलमचा गिअर टाकताना जो खडखड आवाज यायचा तो ऐकायला आता म्युझियममध्ये जावं लागेल. विषयांतराबद्दल सॉरी.

तवंग (ताई म्हणा, काका नको)

माहुलच्या बाजूला ल्युब लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीयेत म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, नंबर. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. गिअरचं ९० ऐकून लोकांना वाटतं बापरे केवढं जाड, पण १०० डिग्रीला मोजलं तर ते साधारण इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरइतकंच भरतं. त्यामुळे जुन्या माणसांनी गिअरबॉक्सला इंजिन ऑइल घातल्याचे किस्से ऐकलेत तर दचकू नका, कित्येक गाड्यांना कंपनीच तसं सांगायची.

दुसरी गोष्ट, डब्ल्यूच्या आधीचा आकडा. थंडीत तेल किती घट्ट होतं त्याची मर्यादा एसएई जे-३०६ या स्टँडर्डमध्ये ठरवलीये, दीड लाख सेंटिपॉइज (घट्टपणा मोजायचं माप). ७५डब्ल्यू तेलाने उणे ४० डिग्रीला या मर्यादेच्या आत राहायला हवं, ८०डब्ल्यूने उणे २६ ला आणि ८५डब्ल्यूने उणे १२ ला. हा दीड लाखाचा आकडा हवेतून आलेला नाही, याच्यावर गेलं की पिनियनच्या बेअरिंगला तेल पोचत नाही आणि ते कोरडं फिरून जळतं असं टेस्टमध्ये दिसलं होतं. तुमचं साधं ९०, ज्याच्या आधी डब्ल्यूच नाही, त्याने थंडीची कसलीच परीक्षा दिलेली नसते. गुलमर्गला जानेवारीत रात्री पारा सहज उणे १० च्या खाली जातो. म्हणजे साधं ९० बाद, १४० तर बादच बाद. ८०डब्ल्यू-९० तिथे आरामात चालेल आणि शिवडीच्या उन्हातही चालेल. उणे ४० वाल्या ७५डब्ल्यूची गरज गुलमर्गला मला तरी दिसत नाही.

सिंथेटिक_समीर

ताई मान्य, पण सिंथेटिकने नुकसान काय? दोन पैसे जास्त, पण थंडीत गिअर लोण्यासारखे पडतील. शेठना पैशाचा प्रॉब्लेम नाही असं काकांनीच लिहिलंय.

तवंग

नुकसान पैशाचं नाही, सीलचं आहे. पन्नास वर्षांचे ऑइल सील आकसून कडक झालेले असतात आणि त्यांच्या कडेला साचलेला चिकटाच खरं तर गळती धरून ठेवत असतो. नवीन तेलाने तो धुतला की सगळीकडून टिपटिप सुरू. आधी सील बदला, मग हवं ते सिंथेटिक भरा.

आणि मला जास्त काळजी वेगळीच आहे. फिटर काका, बादलीवर जीएल-४ आहे की जीएल-५ (हे गिअर तेलाचे वर्ग) ते बघा. आपल्याकडे बादलीवर मोठ्या अक्षरात ईपी (म्हणजे जास्त दाब झेलणारं) ९० लिहितात आणि जीएल कितवं ते मागे बारीक अक्षरात. जीएल-५ मध्ये सल्फर-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असते. हायपॉइड, म्हणजे दात घासत सरकणाऱ्या, क्राऊन पिनियनला ते हवंच, पण गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) असतील तर गरम तेलातलं सल्फर पितळ खातं. आम्ही लॅबमध्ये तांब्याची पट्टी गरम तेलात ठेवून ती किती काळवंडते ते बघायचो, एएसटीएम डी-१३० म्हणतात त्याला. आताची चांगली जीएल-५ तेलं त्यात पास होतात हेही खरं, पण पितळ वाचलं तरी तेल जास्त निसरडं असल्याने सिंक्रो नीट पकडत नाही, गिअर करकरतो. त्या ट्रक टाइप गिअरबॉक्सला जीएल-४, ८०डब्ल्यू-९०. माझ्याकडून विषय संपला.

शिवडीचा_फिटर

ताई एक नंबर. मग हेच डिफरन्शिअलला पण भरून टाकू ना? एकाच बादलीत काम होईल.

ईएमई_वाले_जाधव

थांबा थांबा थांबा. डिफरन्शिअलला हात लावू नका.

मी फौजेत ईएमईला (गाड्या-रणगाडे दुरुस्त करणारी शाखा) होतो, चेनच्या गाड्यांवर आयुष्य गेलं. आधी एक करून बघा. गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालवा आणि डावा लिव्हर पूर्ण ओढा. डावी चेन पूर्ण थांबते की नुसती मंदावते? आणि त्याच वेळी उजवी चेन जोरात पळते का? नीट बघून लिहा, यावर सगळं ठरणार आहे.

गोळेवाला

जाधव साहेबांनी एकदम कौन बनेगा करोडपतीचा माहोल केला

शिवडीचा_फिटर

आत्ताच बघून आलो. थांबत नाही, मंदावते. आणि उजवी पळते, पोरगा बाहेर उभा राहून बघत होता तो म्हणाला स्पष्ट दिसतं. लिव्हर मात्र फार जोर लावून ओढावा लागतो, दोन्ही हातांनी.

ईएमई_वाले_जाधव

मग ते कंट्रोल्ड डिफरन्शिअल आहे. क्लीट्रॅक टाइप पण म्हणतात, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड ट्रॅक्टर कंपनीवरून. यात चेनची ताकद तोडणारा क्लच नसतो. डिफरन्शिअलच्या आत दोन्ही बाजूंना एकेक ड्रम आणि त्यावर ब्रेकचा बँड असतो, लिव्हर ओढला की बँड ड्रमला आवळतो आणि आतले गिअर असे बसवलेले असतात की त्या बाजूचा वेग जितका कमी होतो तितका दुसऱ्या बाजूचा वाढतो. म्हणून चेन कधी पूर्ण थांबत नाही, आणि म्हणून ही गाडी जागच्या जागी गर्रकन वळत नाही, तिला मोठा फेरा लागतो. गोदामाच्या भिंतीपासून जपा.

मुद्दा असा की हे बँड बहुतेक करून त्याच तेलात बुडालेले असतात. म्हणजे तुमचं डिफरन्शिअल हे नुसतं डिफरन्शिअल नाही, तेलातला ब्रेक पण आहे. गिअरला तेल जितकं निसरडं तितकं बरं, ब्रेकला तितकंच वाईट. त्यात भरपूर ईपी वालं जीएल-५ किंवा लिमिटेड स्लिप वालं तेल भरलं तर बँड ड्रमवर घसरणार, घसरला की तापणार, तापला की लायनिंग काचेसारखी गुळगुळीत होणार. तुम्हाला दोन्ही हातांनी ओढावं लागतंय त्याचं कारण मला इथे बसून हेच दिसतंय, कोणीतरी चुकीचं तेल भरून ठेवलंय किंवा बँड ढिले आहेत किंवा दोन्ही.

असंच डिफरन्शिअल जुन्या शर्मन आणि स्टुअर्ट रणगाड्यांत होतं. आणि बर्फाचंच म्हणाल तर १ नोव्हेंबर १९४८ ला झोजिला खिंडीत ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट चढले होते, साडेअकरा हजार फुटांवर, बर्फात. जनरल थिमय्यांची कल्पना. कोणाला पत्ता लागू नये आणि पुलांवर वजन कमी यावं म्हणून टरेट, म्हणजे वरचा तोफेचा बुरूज, काढून रणगाडे नेले होते. शत्रूने रणगाडा येईल असा विचारच केला नव्हता. त्या पोरांनी हेच लिव्हर ओढत ती खिंड पार केली.

फियाटप्रेमी_गिरगाव

जाधव साहेब सलाम. हे माहीतच नव्हतं.

पेडर_रोडचा_पप्पू

यावर वेगळा धागा काढा साहेब, इथे ऑइलच्या गर्दीत हरवून जाईल.

श्रीगोंदेकर

मी सध्या कांदिवलीला असलो तरी मूळ नगर जिल्ह्यातला, घरी दोन ट्रॅक्टर. एवढी चर्चा चाललीये पण तेलातला ब्रेक म्हणजे आमच्याकडच्या पोराटोरांना पण माहिती आहे राव. ऑइल ब्रेकचा ट्रॅक्टर! आजकाल बहुतेक ट्रॅक्टरला ऑइल ब्रेकच असतात. मागच्या हाउसिंगमध्ये गिअर, डिफरन्शिअल, हायड्रॉलिक आणि ब्रेकच्या प्लेटा सगळे एकाच तेलात. त्याला यूटीटीओ (ट्रॅक्टरचं सगळ्याला एकच) तेल येतं, वीस लिटरची बादली, तालुक्याच्या गावाला कुठल्याही ऑइलच्या दुकानात मिळते. ते बनवलेलंच असं असतं की गिअरला पण चालावं आणि ब्रेक पण पकडावा. चुलत्याने एकदा पैसे वाचवायला साधं ९० ओतलं होतं तर ब्रेक लावला की असं किंचाळायचं की अख्ख्या वाडीला कळायचं अण्णा आले.

काका, डिफरन्शिअलला यूटीटीओ टाका, झंझट मिटली.

सिंथेटिक_समीर

यूटीटीओ तर पाण्यासारखं पातळ असतं! पन्नास वर्षं जुन्या क्राऊन पिनियनला ते झेपणार का? ट्रॅक्टर आणि ही गाडी एक नाही.

श्रीगोंदेकर

समीर भाऊ ट्रॅक्टर दिवसभर नांगर ओढतो. आणखी काय पाहिजे लोड?

तवंग

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. यूटीटीओ साधारण १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइलइतकं असतं, म्हणजे ९० पेक्षा पातळ हे खरं. पण पातळ म्हणजे कमजोर असं नसतं, त्यात झीज रोखणारं अँटीवेअर असतंच आणि बऱ्याच यूटीटीओवर जीएल-४ पण लिहिलेलं असतं. बादली घेताना जॉन डिअरचं जे-२०-सी किंवा मॅसी फर्ग्युसनचं एम-११४५ अशी नावं छापलीयेत का बघा, त्यात ओल्या ब्रेकची टेस्ट येते. थंडीत पातळ असणं तर इथे फायद्याचंच. बँडने ड्रम पकडायच्या आधी मधलं तेल बाजूला सारायचं असतं, जाड तेल गारठ्यात सरतच नाही, लिव्हर ओढला तरी गाडी क्षणभर सरळच जाते. उतारावर हे फार वाईट.

समीरच्या शंकेचं उत्तर तेलात नाही, गिअरमध्ये आहे. क्राऊन पिनियन हायपॉइड आहे की साधं स्पायरल बेव्हल? कव्हर काढून बघा. पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या बरोबर मध्यावर येत असेल तर स्पायरल बेव्हल, यूटीटीओ चालेल. पिनियन स्पष्ट खाली किंवा वर सरकलेला असेल तर हायपॉइड, दात एकमेकांवर घासत सरकतात, मग मात्र पुन्हा विचार करावा लागेल.

(लिमिटेड स्लिपचा विषय निघालाच आहे तर, पूर्वी त्या तेलात घसरण मऊ करायला चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि केमिस्ट लोकांची पर्याय शोधताना धांदल उडाली.)

गोळेवाला

देवमाशाचं तेल!! चला म्हणजे ससून डॉकशी कनेक्शन निघालंच

अंतराळवेडा

काका फोटो टाका ना. वर्णनावरून मला थायोकॉलची वाटतेय. अमेरिकेत युटामध्ये लोगनला या गाड्या बनायच्या, स्प्राइट नावाचं मॉडेल होतं, फोर्डचंच सहा सिलिंडर आणि असंच बँडवालं डिफरन्शिअल. आणि ही थायोकॉल म्हणजे तीच, रॉकेटवाली! २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं तेव्हा बूस्टर त्यांचेच होते. आदल्या रात्री त्यांचेच इंजिनिअर ओरडून सांगत होते की एवढ्या थंडीत रबराच्या ओ-रिंगा कडक होतील, उडवू नका. कोणी ऐकलं नाही, सात अंतराळवीर गेले. तोपर्यंत बर्फाच्या गाड्यांचा धंदा त्यांनी विकलेला होता, १९७८ मध्ये जॉन डिलोरियनने घेतला. हो, तोच, वर उघडणाऱ्या दारांची स्टीलची गाडी काढणारा.

फियाटप्रेमी_गिरगाव

ऑइल विचारायला आलेला माणूस कुठे पोचला बघा. झोजिला, देवमासा, चॅलेंजर, डिलोरियन.

तवंग

पण अंतराळवेडा यांचा रबराचा मुद्दा इथे लागू आहे. सील बदलताना नेहमीचे नायट्राइलचे घेत असाल तर थंडीसाठीची ग्रेड मागा, सगळे नायट्राइल सारखे नसतात. इथे उन्हात गळत नाही म्हणजे तिथे गळणार नाही असं नाही.

मैत्रीण_नव्हे_मैत्री

माझ्या नावावर जाऊ नका, मैत्री हे अंटार्क्टिकातलं आपलं स्टेशन, १९८९ चं. मी तिथे एक उन्हाळा होतो. तिकडे सामान ओढायला पिस्टनबुली असतात, त्यांना हायड्रॉलिक मोटर आहेत, त्यामुळे तुमच्या बँडबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण थंडीत चेनगाडी कशी वापरतात ते सांगतो. सकाळी सुरू करून लगेच निघायचं नाही. इंजिन गरम झालं म्हणजे गिअरचं तेल गरम झालं असं होत नाही, ते तसंच थिजलेलं असतं. पहिली काही मिनिटं अगदी लो गिअरमध्ये सरळ चालवायची, लिव्हर हळूहळू थोडे थोडे ओढून बघायचे, मग वळणं. आणि संध्याकाळी उभी करताना चेनमधला बर्फ झाडायचा आणि खाली फळ्या टाकायच्या, नाहीतर सकाळी चेन जमिनीला चिकटलेली.

शिवडीचा_फिटर

मंडळी कव्हर काढलं. बँड आतच आहेत, तेलात. जाधव साहेब बरोबर. पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ताईंच्या भाषेत स्पायरल बेव्हल. तेलाचा वास एकदम उग्र, सडक्या अंड्यासारखा, आणि तळाला दुधासारखं पांढरट झालंय. ब्रीदर (हवा जायचं भोक) पेंटने बुजलेला सापडला. बँडची लायनिंग शिल्लक आहे पण चकचकीत. ड्रेन प्लगवर बारीक काळी लोखंडी पेस्ट आहे, तुकडे नाहीत. फोटो उद्या टाकतो, आज हात असे आहेत की मोबाइल पोराला धरायला लावलाय.

ईएमई_वाले_जाधव

तो वास ईपी तेलाचा, दुसरं काही नाही. दूध म्हणजे पाणी. ब्रीदर बंद असल्याने आतली दमट हवा गार झाली की तिथेच पाणी होऊन राहतं, मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारू नका. प्लगवर पेस्ट असणं चालतं, तुकडे असते तर रडायची वेळ होती.

आता क्रम सांगतो. सगळं उपसून आत स्वस्तातल्या पातळ तेलाने एकदा धुऊन काढा, रॉकेल आत ठेवू नका. बँड बाहेर काढून लायनिंगवर हलका सँडपेपर मारा, चमक गेली पाहिजे, जास्त नाही. ड्रमवर चरे आहेत का हाताने बघा. मग यूटीटीओ भरा, बँड ॲडजस्ट करा, अर्धा तास चालवा, गरम असतानाच पुन्हा ॲडजस्टमेंट बघा. दोन्ही लिव्हर सारखेच मागे आले पाहिजेत. ट्रायल संपली की ते तेल काढून टाका आणि गुलमर्गला जाताना ताजं भरा. पहिल्या तेलात जुना सगळा कचरा सुटून येतो.

सिंथेटिक_समीर

मी अजूनही म्हणतो की यूटीटीओपेक्षा साधं मोनोग्रेड ५० नंबर इंजिन ऑइल बरं. ईपी नाही, बँडला त्रास नाही आणि पिनियनवर जाड फिल्म. परदेशात जुन्या गाड्यांना लोक तेच घालतात.

तवंग

समीर, आता तू माझ्या लायनीवर आलास. शिवडीच्या ट्रायलला ५० चाललं असतं, माझी हरकत नाही. पण उणे १० ला मोनोग्रेड ५० सकाळी हलवून दाखव. तिथे वापरायचंच तर ३० नंबर, आणि तेही गाडी सावकाश गरम करून. मला विचाराल तर यूटीटीओच.

सिंथेटिक_समीर

३० नंबर मान्य. यूटीटीओ अमान्य. नोंद घ्यावी.

श्रीगोंदेकर

नोंद घेतली, आता बादली घ्या. फिटर काका, कुठल्याही दुकानातून घेऊ नका, सील बघून घ्या, जुन्या बादल्या पुन्हा भरून विकायचा धंदा जोरात आहे. आणि किती लिटर बसतंय ते एकदा मोजून लेव्हल प्लगजवळ पेंटने लिहून ठेवा, पुढच्या माणसाला शोधावं लागणार नाही.

शिवडीचा_फिटर

ठरलं मग. गिअरबॉक्सला जीएल-४ ८०डब्ल्यू-९०, डिफरन्शिअलला यूटीटीओ, ब्रीदर नवा, सील थंडीचे. ऑइलवाल्याला सांगितलं तर म्हणाला बर्फाच्या गाडीला ट्रॅक्टरचं तेल? मी म्हटलं तू बादली काढ.

समीर भाऊ नाराज नका होऊ, लिव्हर हलका झाला नाही तर ३० नंबर आहेच. आता शेठ विचारतायत की गोदामापासून टेम्पोपर्यंत ती डांबरावरून चालवत नेली तर रबरी पट्ट्यांचं काय होईल. काँक्रीटवर दहा-बारा फूट चालवली तरी लोखंडी पट्ट्यांनी फरशी खरवडलीये.

ईएमई_वाले_जाधव

चालवू नका. विंच लावून थेट ट्रेलरवर ओढा, खाली जुने टायर कापून टाका. आणि डांबरावर वळवायचा तर विचारही नको, बर्फात चेन घसरून वळते, डांबर तिला घसरू देत नाही, सगळा ताण त्या बँडवर आणि पट्ट्यांच्या बोल्टवर. आत्ताच घासून बसवलेत ना?